सम्राटाची पाटी आणि नानांचा फलक

धुळ्याहून निघताना हमीदभाईंच्या पिशवीत दोन किलो शेव होती आणि डोक्यात एक फलक. शेवेचं ओझं मी वाटून घेतलं, फलकावर मात्र मलाही काही सुचत नव्हतं.

हमीदभाई माझे कॉलेजपासूनचे मित्र. धुळ्यात यंत्रमागाचे सुटे भाग विकतात आणि मोहल्ल्यातल्या मशिदीचे विश्वस्त आहेत. मी धरणगावचा निवृत्त इतिहास शिक्षक. माल पाहायला ते चीनला निघाले आणि सोबतीला मलाही ओढलं. खरं तर ते पळून निघाले होते. त्यांच्या गल्लीत पाण्याची नवी पाइपलाइन यायची होती आणि नगरसेवक नानांचा निरोप आला होता, आधी मशिदीच्या दारावर माझ्या फोटोचा फलक, मग खोदकाम. मशिदीवर माणसाचा फोटो बुजुर्गांना चालत नाही. इकडे बायका भर उन्हात हंडे घेऊन टँकरमागे धावत होत्या.

"फोटो लावा तं अल्ला नाराज, नही लावा तं नाना नाराज," हमीदभाई विमानात म्हणाले. "अल्ला माफ करी दी, सर. नाना करणार नही."

शिआन शहरात मुसलमानांच्या जुन्या वस्तीत आम्ही पाओमो (मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली रोटी) खाल्लं. रोटी गिऱ्हाइकानेच कुस्करायची असते. मी मोठे तुकडे केले म्हणून दुकानदारीण रागावली आणि वाडगा परत माझ्यापुढे सरकवला. भाकरी कुस्करण्यात हयात गेलेल्या खानदेशी माणसाचा असा अपमान पूर्वी कधी झाला नव्हता.

जवळच्याच एका लहानशा मशिदीत गेलो. मनोरा शोधून मान दुखली. छप्पर चिनी, अंगण चिनी, कुराणातली अक्षरंही कुंचल्याने काढलेली. मी वर्गात उभा असल्यासारखा सुरू झालो. मिंग घराण्याच्या संस्थापकाने पैगंबरांची स्तुती लिहिली असं सांगतात, आणि त्याच्याच राज्यात परका पोशाख, परकी नावं यांवर बंदी आली. पुढच्या छिंग घराण्याने कधी मशिदींना अभय दिलं, कधी बंडं रक्तात बुडवली. निवडणुका नसतानाही त्या मंडळींना सगळं जमत होतं.

म्हातारे रखवालदार आमचा सलाम ऐकून खूश झाले. त्यांनी बाजूच्या खोलीतली ड्रॅगन कोरलेली एक लाकडी पाटी दाखवली. मोबाइलने भाषांतर केलं, "सम्राट दहा हजार वर्षे जगो."

"ही मशिदीत?" हमीदभाईंनी मोबाइललाच विचारलं.

"ठेवावीच लागे. तिच्यापुढे वाकावंही लागे," म्हातारबाबा म्हणाले. "पण आमचे पणजोबा सांगत, कपाळ जमिनीला टेकवायचं नाही." जमीन आणि कपाळ यांत किती अंतर, ते त्यांनी चार बोटं आडवी धरून दाखवलं. हमीदभाई बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले.

धुळ्यात परतल्यावर त्यांनी सागवानी पाटी करून घेतली. सोनेरी अक्षरांत लिहिलं, "नाना हजार वर्षे जगोत." फोटो नाही. कुणासाठी आयुष्य मागायला बुजुर्गांची हरकत नव्हती. नाना पाटी पाहायला आले, मीही मुद्दाम गेलो होतो.

"फोटो कोठे शे?" नाना गुरगुरले.

"नाना, फोटो तं गल्लीना पोऱ्यास्नाबी लागतस. चीनना बादशाले नुसती पाटी पुरे."

नानांनी 'बादशा' हा शब्द दोनदा पुटपुटून पाहिला आणि त्यांची छाती फुगली. आठवड्यात खोदकाम झालं. नळ आला त्या सकाळी हमीदभाईंनी मला फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला. मी पोट धरून हसलो.

ते हसू फार टिकलं नाही. पाटीची कीर्ती धरणगावी पोचली. आमच्या वाचनालयाचं छप्पर गळतं, पुस्तकं भिजतात आणि मी तिथला चिटणीस. नवे पत्रे मंजूर करणं आमचे नगराध्यक्ष आबा यांच्या हातात होतं. आबांनी मला बोलावून घेतलं. "नानाले हजार वरीस, तं माले दहा हजार लिखा," ते म्हणाले.

लिहिलं. समारंभात पाटी पाटावर ठेवली होती आणि चिटणिसांनी तिला वाकून नमस्कार करावा असं माइकवरून जाहीर झालं. चाळीस वर्षं पोरांना ताठ कण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली काही पोरं समोर बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिजलेली पुस्तकं आठवली आणि वाकलो. कपाळ पाटाच्या जरा वरच थांबवलं.

आबांना ते कळलं नाही, टाळ्या वाजल्या. मान वर केली तर पहिल्या रांगेत धुळ्याहून आलेले हमीदभाई. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून हळूच चार बोटं आडवी धरली होती.