बाबांच्या फोनमधली लोकर

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी त्यांचा फोन चार्ज होईनासा झाला. मी चार्जर बदलला, केबल बदलली, तरी स्क्रीन काळीच. त्यात बाबांचा आवाज होता, म्हणून आईही माझ्याबरोबर दुरुस्तीच्या दुकानात आली.

दुकानदाराने चार्जिंगच्या खाचेत उजेड पाडून पाहिलं. "बिघाड काही नाही, कचरा बसलाय," म्हणत त्याने सुईने राखाडी लोकरीचा एक चिमुकला गोळा बाहेर काढला. तो त्यावर फुंकर मारणार, इतक्यात आई म्हणाली, "थांबा. इकडे द्या तो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा फोन कायम स्वेटरच्या खिशात ठेवायचे. त्यांचे कपडे तर आम्ही केव्हाच देऊन टाकले होते, आणि मला वाटत होतं, घरात आता त्यांचं काही उरलं नाही. गेलेलं माणूस किती बारीक होऊन मागे राहतं! आपण रोज त्याच्यावरून हात फिरवत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

केबल लावली आणि स्क्रीन उजळली. दुकानदाराने फोन आईपुढे धरला. ती मूठ घट्ट मिटून उभी होती.

"तू घे," ती मला म्हणाली, "माझा हात रिकामा नाही."