गोधड्यांच्या कपाटातलं रेकॉर्डिंग
डांबरगोळ्यांचा वास आला की पुतणीला बघायला पाहुणे आले तो दिवस आठवतो. ओव्हन कसा वापरायचा, या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या व्हिडिओला मला आवाज द्यायचा होता. आमच्या सांबऱ्यात विमानतळ असल्यानं विमानं डोक्यावरून जातात, म्हणून मी गोधड्यांच्या मोठ्या कपाटात बसून रेकॉर्डिंग करत होते. बोरगावचे पाहुणे ठरल्या वेळेआधीच येऊन कपाटाच्याच खोलीत बसलेत, हे मला कळलंच नाही. "आता दार हळूच उघडा," मी माइकमध्ये म्हणाले आणि मुलाच्या आईनं खरंच कपाट उघडलं. लेकीचं स्थळ हातचं गेलं असं वाटून जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. मुलाच्या आईनं मला नीट निरखलं आणि पुतणीला म्हणाल्या, "भिऊ नको गं, आमच्यात बायकांना कपाटात घालत न्हाईत." लग्न झालं. विहीणबाई अजूनही आल्या की चहाआधी ते कपाट उघडून बघतात.