अल ऐनच्या मेळाव्यातली पालथी नंबरप्लेट

२००९ सालचा जानेवारी, शुक्रवार, अल ऐन. व्यवहाराची रक्कम शून्य दिरहम, म्हणजे शून्य रुपये, कारण जुन्या नंबरप्लेट जमवणाऱ्यांच्या आमच्या मेळाव्यात पैसे चालत नाहीत – प्लेटला प्लेट. हजर चाळीसेक माणसं. पण दुपारच्या नमाजाला हॉल रिकामा झाला तेव्हा आत दोघेच, विनायक आणि मी. मग शेरखान आला. इथवर मी पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं. पुढचं तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

विनायक सांगलीचा, माझ्याच ऑफिसात एस्टिमेशनला, बांधकामांच्या खर्चाचे अंदाज काढायला. हा छंद त्यानेच मला लावला. शेरखान पेशावरकडचा, अबू धाबीजवळच्या मुसफ्फात भंगार गाड्यांचं यार्ड चालवायचा आणि आम्हाला प्लेट पुरवायचा. आणि मी अकाउंटंट. हिशेबात एक फिल्सही कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही – हे अभिमानाने सांगायचो. अजूनही सांगतो. लाज नाही का वाटत? वाटते. तरी सांगतो.

त्या हिवाळ्यात प्रोजेक्ट बंद पडले, कंपनीने माणसं कमी केली. माझं नाव निघालं, विनायकचं नाही. गाडीच्या कर्जाचे दोन हप्ते चुकले आणि बँकेची माणसं खलिफा सिटीत आमच्या दारात गाडी न्यायला आली. मी गाडीचं दार धरून ठेवलं. एकाने छातीत कोपर मारलं, मी रस्त्यावर बसलो. वर गॅलरीत मुलगी उभी होती. तिने पाहिलं. त्या दिवसापासून मला कुणाला तरी मारायचं होतं. कुणाला, ते ठरलं नव्हतं. दात घासताना, जेवताना, देवासमोर हात जोडतानासुद्धा माझ्या डोक्यात कुणाचं तरी तोंड फुटत असे.

आमच्या मेळाव्याचा एक रिवाज आहे. अदलाबदलीसाठीच्या प्लेट टेबलावर उताण्या ठेवायच्या. एखादी कुणाला कबूल केलेली असेल तर ती पालथी. पालथ्या प्लेटला दुसऱ्याने हात लावायचा नाही, कुणाची म्हणून विचारायचंही नाही. विनायकच्या टेबलावर एकच पालथी होती. तिचा एक कोपरा दुमडलेला दिसला. तो कोपरा मी ओळखला – पार्किंगच्या खांबावर मीच घासला होता. उलटून पाहिलं. माझ्याच गाडीचा नंबर.

माझ्या गेलेल्या गाडीची प्लेट याने कुणाला तरी कबूल केली होती! सकाळपासून माझ्याशेजारी बसून चहा पीत होता, आणि बोलला नाही! मला एवढंच सुचलं. विचारायला काय जात होतं? विनायक खोका उचलायला वाकला होता, पाठ माझ्याकडे. मी प्लेट दोन्ही हातांत धरली आणि पत्र्याची धार त्याच्या मानेवर घातली. तो पुढे पडला, कपाळ टेबलाच्या लोखंडी पायावर आपटलं. पहिला घाव रागाचा म्हणता येईल. पण मी आणखी दोनदा मारलं, पडलेल्या माणसाला. कान फाटला तेव्हा आवाज झाला – कापड फाटल्यासारखा. आणि मला – लिहू का? – मला बरं वाटलं.

शेरखान नमाजाहून सगळ्यांच्या आधी परतला होता. "या अल्ला! पागल हो गए, साब?" त्याने माझं मनगट पिरगाळून प्लेट हिसकावली, फेकलीही नाही, तशीच हातात धरून विनायकच्या मानेवर आपला रुमाल दाबत बसला. माणसं आत आली ती तेव्हा. त्यांना काय दिसलं असेल?

पोलिसाने इंग्रजीत विचारलं. शेरखानला इंग्रजी येत नव्हतं. मुसफ्फातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर माझ्या खिशात होतं. पोलीस केस झाली की व्हिसा खलास. मी शेरखानकडे बोट करून म्हणालो, "ही हिट हिम."

शेरखानने माझ्याकडे पाहिलं. "क्या बोला साब? मेरे को भी बताओ."

"बोला, तुमने बचाया."

तो मान डोलावून हसला, दाढीला लागलेलं रक्त बाहीने पुसलं, आणि स्वतःच्या पायांनी त्यांच्या गाडीत जाऊन बसला. आधी पोलिसाला वाट करून दिली, मग बसला.

जबाबावर मी सही केली. इंग्रजी स्पेलिंगची एक चूक होती, तीही दुरुस्त करून दिली.

हॉस्पिटलमध्ये विनायक शुद्धीवर आला. म्हणाला, "अरे, ती तुझीच प्लेट होती. संध्याकाळी निघताना देणार होतो. बँकेने तुझी गाडी त्याच्या यार्डात विकली, तेव्हा शेरखाननेच ओळखून ती काढून ठेवली, बदल्यात काही घेतलं नाही. म्हणाला, देसाई साब को अच्छा लगेगा. आणि त्यानेच मला मारावं? का रे?"

"पठाणाचं काय सांगता येतं," मी म्हणालो. हे वाक्य तर मला कुणी मागितलंही नव्हतं.

घरी मुलीने विचारलं, "बाबा, हू डिड इट?" तिलाही तेच नाव सांगितलं.

मी त्या नोकरीत अकरा वर्षं काढली. विनायकची मान आजही डावीकडे पुरती वळत नाही. दिवाळीला फोन करतो, मधेच पठाणाला शिव्या घालतो, आणि मी हो म्हणतो. मागच्या दिवाळीलाही म्हणालो.

शेरखानला तीन महिने कैद झाली, मग पेशावरला पाठवून दिलं, कायमचं. यार्ड त्याच्या भागीदाराने विकलं. विनायकच्या टाक्यांचे साडेआठशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सुमारे अकरा हजार रुपये, मी भरले. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. शेरखानला काही दिलेलं नाही.