पोचल्याचा फोन

समोरच्या गॅलरीत शेजारच्या मालूताई उन्हात बसून संत्रं खात होत्या. एक फोड तोंडात घालायची, डोळे मिटून थांबायचं, मगच दुसरी. मी बघतच राहिले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, सुखरूप पोचले गं."

"परत कधी निघणार? घाटातून सावकाश ये हं!"

"अगं, आत्ता तर पोचले! जरा खूश तरी हो!"

खरंच की. माझं हे नेहमीचंच बाई. चांगली बातमी दारात उभी असते आणि मी तिला बस न म्हणता पुढच्या काळजीला पाट मांडते.

मग मालूताईंसारखीच मीही ती बातमी तोंडात घोळवली. "पोर पोचली." पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत सकाळपासूनची छातीतली धडधड निवली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

जाऊ दे म्हटलं, तेही आज खुशीत दिसतंय.