खिडकीजवळचं टेबल

सरकारी ऑफिसात फायली साठतात, तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किस्सा मागितला की लगेच सापडतो! सत्तरच्या दशकातल्या आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात माणसं नव्हतीच, नुसती टेबलं होती. ‘परवान्याचं टेबल रजेवर आहे’, ‘पुरवठ्याचं टेबल रंकाळ्यावर फिरायला गेलंय’ असं आम्ही सरळ बोलायचो आणि कुणाला हसूही यायचं नाही.

*

परवान्याचं टेबल खिडकीजवळ. तिथं आमचा शिंदे. त्याला मुलगी द्यायला हातकणंगल्याचे पाव्हणे आले. त्यांनी ना शिक्षण विचारलं, ना शेती.

"टेबल कंचं?"

"परवान्याचं."

बसल्या बैठकीत सुपारी फुटली!

पुढं त्यांच्याच धाकट्या मुलीसाठी माझं नाव निघालं. माझं टेबल आवक-जावक. "पोरगी अजून ल्हान हाय ओ," पाव्हणे म्हणाले. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पुरवठ्याच्या टेबलाशी!

*

आमचे हेडक्लार्क अण्णा. मान वर करायची नाही, हा त्यांचा नेम. कागद कुठल्या टेबलाकडून आला एवढंच विचारायचे आणि सही ठोकायचे. टेबल बरोबर असलं की झालं, आणणारा कोण का असेना.

एकदा त्यांचे सासरे गावाहून थेट ऑफिसात आले आणि समोर उभे राहिले.

"कुठल्या टेबलाकडनं आलात?" अण्णांनी खाली बघूनच विचारलं.

"तुमच्या बायकोकडनं!"

*

मग शिंद्याची जयसिंगपूरला ट्रान्सफर झाली. बदली माणूस काही येईना. तरी परवान्याचे अर्ज त्याच टेबलावर ठेवायचे, असा रिवाज. मी इमानानं ठेवत गेलो. आमचा शिपाई तुकाराम त्या रिकाम्या टेबलावर रोज चहाही ठेवायचा. अर्ज जागचे हलत नव्हते, चहा मात्र रोज संपायचा! तुकारामची तब्येतही सुधारली होती.

*

त्या ढिगात आजऱ्याच्या भैरूतात्यांचा अर्ज होता. त्यांना नदीवर इंजिन बसवायला परवाना हवा होता. पावसानं दडी मारलेली, भात वाळायला लागलेलं. दर खेपेला पहाटेची एसटी धरून यायचे बिचारे.

"सायेब, पिवळं पडाय लागलंय ओ भात. तेवढं बघा की!"

"तात्या, ते माझं टेबल नव्हे," आम्ही एकेकजण सांगायचो.

त्यांचा चेहरा बघून फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटणं हे कुणाच्याच टेबलाचं काम नव्हतं.

एके दिवशी उभं राहून पाय दुखले, म्हणून तात्या शिंद्याच्या खुर्चीत टेकले. टेबलाशी माणूस बघून तुकारामनं मुकाट्यानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. तात्यांनी तो बशीत ओतून निवांत प्यायला. मग समोरचा ढीग उपसला, आपला अर्ज शोधून काढला आणि उठून अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"कुठलं टेबल?"

"खिडकीजवळचं."

सही झाली. शिक्का बसला. तात्यांनी परवान्याची घडी केली, कोपरीच्या खिशात घातली आणि दाराकडं निघाले.

मान खालीच ठेवून अण्णा कडाडले, "अहो, त्या टेबलावरचे बाकीचे अर्ज कोण आणणार?"

तात्या दारातनं वळले.

"त्ये माझं टेबल न्हवं, सायेब!"