सत्ताविसाव्या नंबरचे मामा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी आमच्या एकुलत्या एक मामांसाठी सगळ्यांत शेवटी ठेवली. ही चूक माझीच. आणि ती मी घाईत नाही, पट्टीनं रेघा मारून, विचारपूर्वक केली.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जो तो नियोजनाच्या गोष्टी करायचा. मी इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्च शिकत होतो. (कमीत कमी श्रमांत काम कसं उरकावं, ते गणितानं ठरवणारा विषय. आळशी माणसाला देवच भेटला!) बाबांनी सत्तावीस पत्रिका हाती दिल्या. मी नकाशा काढला, अंतरं मांडली, सर्वांत छोटा फेरा शोधला. शंकर नगरातल्या आमच्या घरून निघायचं, मध्ये तात्यापारा, शेवटी उरला ही शहराबाहेरची कारखान्यांची वस्ती. मामा उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते, राहायचेही तिथंच.

पहिल्या दिवशी मी तात्यापाऱ्यापर्यंतच पोचलो. दुसऱ्याच दिवशी तिथल्या काकूंनी मामींना फोन करून पत्रिकेच्या रंगाचं कौतुक केलं. मामींनी पत्रिका पाहिलीच नव्हती! त्यांनी आईला फोन लावला.

"आधी देवाले, मंग मामाले!" आई माझ्यावर कडाडली. "हे तुह्या पुस्तकात नाही का?"

"आई, अकरा किलोमीटर वाचले."

"आन् माहा भाऊ तुटला, त्याचं काय?"

आई जेवली नाही. ताई, म्हणजे आमची शुभी, तर रडायलाच लागली. "माह्या मांग मामा उभा नसंल, तर मी बोहल्यावर चढतच नाही!"

लग्न आठवड्यावर आलं होतं. मी स्कूटर काढली आणि उरल्याच्या धुळीत मिलच्या फाटकाशी उभा राहिलो. शिफ्ट सुटली. मामा डबा घेऊन बाहेर आले. तिथंच पाय धरायचे, तर मी नकाशा उलगडला!

"मामा, तुम्ही शेवटी नाहीच. फेरा उलटा मोजला तर पहिले तुम्हीच!"

"भैया, भांजा बहुत पढ़ गया है," त्यांचा सोबती म्हणाला.

मामा घराकडे चालू लागले. ते पुढे, मी स्कूटर ढकलत मागे. घरात शिरता शिरता त्यांनी मामींना सांगितलं, "पोस्टमन आला वं. पत्रिका घे आन् दार लाव."

मामींनी तसंच केलं.

बंद दारासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की मी एका माणसाला नकाशावरचा ठिपका केलं होतं. दाराला तोंड लावून म्हणालो, "मामा, चुकलो. ताईनं रडून डोळे सुजवलेत. आणि खरं सांगू? त्या विषयात मी दोनदा नापास झालोय. घरी माहीत नाही."

कडी निघाली. मामांचे डोळे ओले होते, पण मिशी हलत होती.

"असं सीधं बोल ना बे! येतो मी. शुभीच्या मांग दुसरं कोन उभं राहीन? पन काहून रे पोट्ट्या, खरंच दोनदा?"

मी मान खाली घातली.

"तीनदा, मामा. माफ करा."