आक्काची विहीर मी खारी केली

आमच्या कसबा बावड्यात पाणी कमी पडलं तर माणूस दोनच गोष्टी करतो: आणखी खोल जातो, नाहीतर आणखी मोठी मोटर बसवतो. नदीकाठी ऊस करणाऱ्याला तिसरं काही सुचलंच तर घरचे त्याला डॉक्टरकडं नेतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात घाट उतरून आक्काकडं निघालो तेव्हा जीपमध्ये पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. बहिणीकडं जाताना लोक साडी नेतात. मी मोटर नेली.

आक्का, माझी थोरली बहीण, समुद्रकाठच्या एका वाडीत दिलेली. घरापुढं वाळूची टेकडी, टेकडीवर सुरूची झाडं, पलीकडं समुद्र. टेकडीच्या पायथ्याला विहीर. विहीर म्हणजे किती, तर आमच्या तालमीतला एखादा पैलवान आत उभा केला तर त्याचा पटका वरून दिसावा, एवढीच. पण पाणी! त्या पाण्याचा चहा प्यालेला पाहुणा आठ दिवस उठत नाही. मी एकदा सतरा दिवस उठलो नव्हतो. शेजारची सात घरं तिथंच पाणी भरायची.

आता त्या टेकडीवर रिसॉर्ट येणार होतं. टेकडी सपाट करून बंगले, हिरवळ, पोहायचा तलाव. मी एकदम खूश. तिथल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं काम आपल्यालाच मिळालंय, असं मी चौकात सांगूनही टाकलं होतं. परदेशी पाहुणे ठसका लागून थेट समुद्रात उड्या मारणार, हेही. पंधरा दिवसांवर गावात रिसॉर्टच्या परवानगीची सुनावणी आली होती आणि आक्काला मात्र एकच घोर लागला होता, आपल्या विहिरीचं काय होणार.

"काय हुतंय विहिरीला? ही बघ मोटर."

आक्काच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी मोटरीकडं असं बघितलं, जणू मी दारात रेडा आणून बांधलाय.

"सकाळी काढूचा, सांजेक काढूचा," त्या म्हणाल्या. "मदी तिका इसावो होयो."

"मावशी, विहीर हाय का बाळंतीण?"

दाजी कामासाठी परगावी गेले होते, त्यामुळं मला अडवणारं कोणी नव्हतं. सोडली मोटर. तिथं माडाच्या आळ्यात कळशीनं पाणी घालतात. मी उसाला देतात तसा पाट सोडला. दुपारपर्यंत विहिरीचा तळ दिसला. संध्याकाळी बघतो तर पुन्हा भरलेली! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी अंगणात नाचायचा तेवढा राहिलो.

"आक्के, तुझ्या विहिरीला तळच न्हाय की! अख्खं रिसॉर्ट पाजलंस तरी उरंल!"

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला आणि तिथंच थुंकला.

"साखर म्हणून मीठ घातलंस व्हय?"

आक्का उठून विहिरीवर गेली, कळशी काढली, ओंजळ तोंडाला लावली आणि कट्ट्यावर मटकन बसली. मागोमाग मी चव घेतली. घशाखालून समुद्र गेला. माझं तोंड बंद पडलेलं अख्ख्या जिल्ह्यानं कधी पाहिलेलं नाही. त्या सकाळी ते पडलं.

संध्याकाळी दाजी आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. पाऊस त्या टेकडीच्या वाळूत मुरतो आणि ते गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरते तसं. हलक्या हातानं काढलं तर पुन्हा साय धरते. मी ती तीन दिवसांत ओरबाडून काढली होती. संध्याकाळी विहीर भरत होती ती समुद्रानं.

एका मोटरीनं, तीन दिवसांत. आणि इथं तर टेकडीच काढायला निघाले होते.

सात घरांना आक्कानं खरं सांगितलं नाही. भरतीचं पाणी आत शिरलं म्हणाली. भावाची अब्रू झाकली तिनं.

सुनावणीसाठी मी पुन्हा गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कंपनीचा साहेब नकाशावर काठी फिरवत म्हणाला, "आमच्या बोअर खोल, तुमच्या विहिरी उथळ. दोन्हींचा संबंधच येत नाही." लोक माना डोलवू लागले. पंधरा दिवसांपूर्वी मीही डोलवली असती. तेवढ्यात सात घरांतल्या एका बाईनं भरतीचं पाणी शिरून विहीर खारी झाल्याचं सांगितलं. साहेब हसला.

"बघा, आम्ही अजून एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. भरतीनं झालं म्हणता ना? मग हा निसर्गाचा कारभार."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी उठलो.

"सायेब, निसर्ग न्हाय. म्या केलंय ते."

मांडव खदखदला. "पावणे, बसा खाली!" कोणीतरी ओरडलं. "गेल्या खेपेक ह्यांनी घाटात वाघाकडे साईड मागितली होती!"

आयुष्यात पहिल्यांदा मी पदरचा एक शब्द न घालता बोलत होतो आणि लोक पोट धरून हसत होते. मोटर सांगितली, पाट सांगितला, तीन दिवस सांगितले. जितकं खरं सांगावं तितकं हसू वाढत होतं. मला रडू यायचं बाकी राहिलं.

मग मागून मावशी उठल्या. "खरा बोलता तो. माझ्या डोळ्यांसमोर केल्यान."

हसणाऱ्यांनी मागं वळून बघितलं.

"एका घरगुती मोटरीचं काय घेऊन बसलात?" साहेब म्हणाला.

"तुमच्या किती हायत, सायेब? आणि किती वर्सं चालणार?"

साहेब कागद चाळत राहिला. टेबलाशी बसलेल्या कारकुनानं माझं म्हणणं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. टेकडीचं काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगता येत नाही, ही माझी दुसरी नामुष्की.

मांडवाबाहेर सात घरांतल्या बायका उभ्या होत्या. मला वाटलं, आता चपला येणार. ती मघाची बाई पुढं आली, काखेतली रिकामी कळशी तिनं माझ्या हातात दिली.

"पावण्यानू, पाणी हाडूक चला."

गोड्या पाण्याची विहीर आता देवळापलीकडं उरली होती. अंतर मुद्दाम सांगत नाही. वाढवून सांगतोय म्हणाल. सातही घरांचं पाणी भरून होईपर्यंत मी फेऱ्या घातल्या, आणि वाटेत माझ्याशी कोणीही एक शब्द बोललं नाही.